एकतिसावा पावा

माझ्या लिहिण्याच्या टेबलाला उजव्या हाताला तीन खण आहेत. वरच्या खणात वीजबिले, घरपट्टीच्या पावत्या आणि बँकेची पासबुके असतात. मधल्यात जुना पत्रव्यवहार. सर्वांत खालचा खण खोल आहे आणि त्यात एकतीस पावे आहेत. मध्यंतरी काही महिने ते तीस होते; ते का, हे पुढे ओघाने येईलच. गेल्या नाताळच्या आधी घराची साफसफाई चालू असता सौभाग्यवतींनी तो खण पूर्ण बाहेर काढला, सगळे पावे जुन्या धोतराच्या फडक्याने पुसले, लांबीप्रमाणे ओळीने लावले आणि काहीही न बोलता खण परत सारला. त्या काही बोलल्या असत्या तर मी उत्तर दिले असते. माझ्यापाशी उत्तरे तयार होती. त्या बोलल्या नाहीत म्हणून हा लेख लिहावा लागत आहे.

पावा म्हणजे कोणता, ते आधी सांगतो. इंग्रजीत या वाद्याला ‘टिन व्हिसल’ म्हणतात. शब्दशः पत्र्याची शिट्टी. पण शिट्टी म्हटले की आपल्याला पोलीस नाही तर फुटबॉलचा पंच आठवतो. जत्रेत आपल्याकडे जे उभे धरून वाजवायचे अलगूज मिळते, त्याच्याच जातीचे हे वाद्य. सुमारे वीतभर आणि चार बोटे लांबीची धातूची नळी, तिला सहा छिद्रे, वरच्या टोकाला चोच. आडव्या बासरीला ओठांची फुंक साधावी लागते, नवशिक्याला महिना महिना नुसता वारा ऐकू येतो. इथे ती अडचण नाही. चोचीतली अरुंद फट फुंकेला आपोआप नेमक्या धारेवर नेऊन आपटते आणि पहिल्याच फुंकेला सूर निघतो. तेवढ्याच बोटांनी फुंक जरा जोरात मारली की वरचे सप्तक. दोन सप्तके, सहा छिद्रे, झाले वाद्य.

आयर्लंडमध्ये हे वाद्य घरोघरी. तिथल्या आयरिश भाषेत त्याला ‘फॅडोग स्टॉन’ म्हणतात, अर्थ तोच, पत्र्याची शिट्टी. पण आज आपण पाहतो तो पत्र्याचा पावा पहिल्याप्रथम मोठ्या प्रमाणात घडवला तो इंग्लंडमधल्या एका शेतमजुराने. रॉबर्ट क्लार्क हे त्याचे नाव, सफक परगण्यातले कोनी वेस्टन हे गाव. १८४३ साली त्याने लाकडी पाव्याचा नमुना समोर ठेवून, त्या काळी नव्याने स्वस्त होत असलेल्या कल्हईच्या पत्र्याचा पावा केला आणि गाव सोडून मँचेस्टरची वाट धरली. आपली हत्यारे हातगाडीवर घालून तो पायी गेला, वाटेत गावोगाव पावे करून विकत गेला, असे सांगतात. पत्रा कापायचा, निमुळता गुंडाळायचा, तोंडाशी लाकडाचा ठोकळा बसवायचा, छिद्रे पाडायची. त्याच्या नावाचा पावा आजही तशाच घडणीचा मिळतो. त्याचा आवाज जरा घोगरा, वाऱ्याने भरलेला असतो. मला तो फार आवडतो. ‘पेनी व्हिसल’ हे या वाद्याचे दुसरे नावच मुळी स्वस्ताईचे आहे. ज्याला व्हायोलिन परवडत नाही, ज्याच्या झोपडीत पियानो मावत नाही, त्याचे हे वाद्य.

हेच वाद्य १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गच्या वस्त्यांतल्या काळ्या मुलांच्या हाती पडले. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून ती मुले वाजवीत आणि त्यातून ‘क्वेला’ नावाचे एक नवेच संगीत जन्माला आले. स्पोक्स माशियाने हा त्या संगीताचा राजा. त्या पोरांच्या खिशात एकतीस पावे नव्हते.

माझा पहिला पावा धाकट्या बहिणीने आणला. ती आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात रुग्णालयात परिचारिका आहे. पहिल्या सुट्टीला आली तेव्हा बच्चेकंपनीला चॉकलेटे, वहिनीला शाल आणि मला, ‘दादा, तू शाळेत बासरी वाजवायचास ना’, असे म्हणून हा पितळी पावा. हिरव्या चोचीचा. त्या सुट्टीत मी चर्चमधल्या गायनवृंदाच्या दोन चाली त्याच्यावर बसवल्या. तिला परत पोचवून विमानतळावरून घरी येताना वाटले, की दुसऱ्या पट्टीचाही एक असायला हवा.

इथे माझी पहिली सबब सुरू होते, आणि ती खोटी नाही. या वाद्याची पट्टी ठरलेली असते. डी म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी दोन. त्या पट्टीचा पावा त्या पट्टीतच सुखाने बोलतो. गायक बदलला, पट्टी बदलली की पावा बदलावा लागतो. आपले बासरीवादकही निरनिराळ्या लांबीच्या बासऱ्यांची पिशवी घेऊन मैफलीला बसतात, त्यांना कोणी लोभी म्हणत नाही. इंग्लंडमधली ‘जनरेशन’ ही जुनी छाप सहा पट्ट्यांत पावे काढीत आली आहे: बी फ्लॅट, सी, डी, ई फ्लॅट, एफ आणि जी. म्हणजे उदारपणे हिशेब केला तर गरज सहांची. खरे तर तेवढीही नाही, कारण आयरिश चालींपैकी बहुतेक डी आणि जी या दोनच पट्ट्यांत असतात आणि डीच्या एकाच पाव्यावर दोन्ही निघतात. तरीही सहा धरू. माझ्या एकतिसांपैकी एकोणीस डीचे आहेत.

एकोणीस का? ज्याला या वाद्याचा नाद लागलेला नाही, त्याला हे समजावणे कठीण आहे. पण प्रयत्न करतो. स्वस्त वाद्य स्वस्तात घडते. एकाच कारखान्यातले, एकाच दिवशीचे, एकाच किमतीचे दोन पावे सारखे बोलत नाहीत. एकाचा वरचा सूर किंचाळतो, दुसऱ्याचा खालचा सूर फुंक जरा वाढली की फुटून वर उडतो. जाणते वादक दुकानात दहा-बारा वाजवून त्यांतला एक उचलतात. शिवाय छाप वेगळ्या. डब्लिनचा ‘फॅडोग’ १९७० च्या दशकाच्या अखेरीपासूनचा, इंग्रजी पितळी निराळा, निकेलचा निराळा, क्लार्कचा निमुळता त्याहून निराळा. मग हाताने घडवणारे कारागीर, त्यांच्या किमती शेकड्यांत. आणि मग तो दोन फुटी, घनगंभीर, खर्जातला पावा! त्याची तर कथाच आपल्या देशापर्यंत येते. फिनबार फ्युरी या आयरिश वादकापाशी भारतातून आलेला एक बांबूचा पावा होता. तो दौऱ्यात मोडला, तेव्हा बर्नार्ड ओव्हरटन या इंग्रज कारागिराने १९७१ च्या सुमारास त्याच्यासाठी धातूचा करून दिला आणि त्यातून आजचा खर्जाचा पावा निघाला, असे सांगतात. ही कथा वाचल्यावर तो न घेणे मला जवळजवळ देशद्रोहासारखे वाटले. सबबी अशा कुठूनही मिळतात.

या नादाला तिकडचे वादक आपसांत थट्टेने रोगच म्हणतात. थट्टा करतात आणि पुढचा मागवतात. मीही तेच केले. दर सुट्टीला बहिणीच्या सामानात दोन-तीन, मध्येच कोणी येणारे-जाणारे असले तर एक. नवा पावा आला की आठ-दहा दिवस मोठे सुखाचे जात. मग त्याचा एखादा दोष कानाला टोचू लागे आणि दुसऱ्या एखाद्या पाव्याविषयी कोणीतरी काढलेले कौतुकाचे उद्गार आठवत.

आता प्रश्न असा, की यात वाईट काय आहे? पहिला आक्षेप पैशाचा. हेच पैसे गरिबाला दिले असते तर? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण साधा पावा दहा-बारा युरोंना येतो. आपण हॉटेलात एका वेळी त्याहून अधिक खातो आणि त्यावर कोणी लेख लिहीत नाही. शिवाय बेथानीत सुगंधी तेलाच्या किमतीचा हिशेब कोणी मांडला होता, हे वाचकांना ठाऊक आहे. पैशाच्या वाटेने गेलो तर मी सुटतो, आणि इतक्या सहज सुटतो की ती वाट मला खरी वाटत नाही.

दुसरा विचार संत थॉमस अक्वायनस यांचा. त्यांनी ॲरिस्टॉटलच्या आधारे इच्छांचे दोन प्रकार केले आहेत. एक शरीराच्या स्वाभाविक गरजेतून येते; तिला सीमा असते, कारण पोट एका मर्यादेपर्यंतच भरते. दुसरी मनाने कल्पिलेल्या हिताच्या मागे लागते. तिला सीमा नसते, कारण कल्पनेला नाही. पट्टीसाठी घेतलेला पावा पहिल्या प्रकाराच्या जवळचा आहे. सहा घेतले, गरज संपली. पण ‘चांगला’ पावा? तो कुठे संपतो? मी एकोणीस वेळा डीचा पावा घेतला तेव्हा माझ्या मनासमोर काय होते, हे मी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. समोर पावा नव्हताच. समोर एक माणूस होता, डोळे मिटून सफाईने वाजवणारा, ज्याची बोटे अडखळत नाहीत, आणि त्याचा चेहरा माझा होता. मेरी बर्गिन यांची १९७९ सालची ध्वनिमुद्रिका शिकाऊंना आजही ऐकायला सांगतात. तिचे नावही नुसते ‘पत्र्याच्या शिट्ट्या’ असेच आहे. ती ऐकून उठावे आणि दोन तास बोटांचा सराव करावा, हा एक मार्ग. ती ऐकून उठावे आणि बहिणीला फोन करावा, हा दुसरा. दुसऱ्या मार्गाने गेल्यावरही काहीतरी केल्यासारखे वाटते, ही त्यातली फसवणूक आहे. सरावाचे कष्ट टाळून सरावाचे समाधान पदरात पडते.

संग्राहकांच्या बाजूने बोलायचे तर पुष्कळ बोलता येईल, आणि ते बोलले पाहिजे. डेटन मिलर हे अमेरिकन पदार्थवैज्ञानिक. त्यांनी जन्मभर बासऱ्या आणि त्यांच्या जातीची वाद्ये जमवली, सुमारे सतराशे. १९४१ साली ते वारले, तेव्हा तो सारा संग्रह त्यांच्या देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, लायब्ररी ऑफ काँग्रेसला मिळाला आणि आज अभ्यासक तिथे जाऊन तो पाहतात. आपल्या पुण्यातले दिनकर केळकर घ्या. दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये, वीस हजारांच्या आसपास वस्तू त्यांनी खेडोपाडी हिंडून गोळा केल्या, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि तो लोकांच्या स्वाधीन केला. त्यांना हा नाद नसता तर त्यांतल्या कितीतरी वस्तू भंगारात गेल्या असत्या. म्हणून जमवणे म्हणजेच पाप, असे म्हणायला माझी जीभ धजत नाही. मात्र मिलर यांच्या प्रत्येक वाद्याची नोंद होती. माझ्या खणातला अकरावा पावा कोणता आणि तो कधी आला, हे मला सांगता येणार नाही.

आपल्या परंपरेत या प्रश्नावर सर्वांत मार्मिक लिहिले ते संन्याशांनी, आणि ते साहजिकच आहे; ज्यांनी सगळे सोडले त्यांनाच लहान वस्तूची पकड कळली. इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांना भेटून आलेले जॉन कॅशियन पाचव्या शतकात लिहितात, की सोनेनाणे, जमीनजुमला यांवर पाणी सोडून आलेले काही जण पुढे एका चाकूवरून, एका सुईवरून, एका बोरूवरून मनःशांती घालवून बसतात. कोणी आपला ग्रंथ इतका घट्ट धरून ठेवतो की दुसऱ्याला तो हातातही घेऊ देत नाही. मोठे सोडता आले, छोटे सुटले नाही. क्रुसाच्या संत योहानांचे निरीक्षण तर मला थेट माझ्या खणातच घेऊन जाते. भक्तिमार्गावरच्या नवख्यांविषयी ते सांगतात, की ते सुबक जपमाळा आणि मूर्ती जमवीत राहतात. आज ही टाक, उद्या ती घे, ही बदल, तिची घडण बरी. आणि मग त्यांना माहीत असलेल्या दोन व्यक्तींची उदाहरणे ते देतात. एकीने झावळ्यांच्या रविवारच्या आशीर्वादित झावळीचा, टाचणी वाकवून जोडलेला ओबडधोबड क्रूस दहा वर्षांहून अधिक काळ जवळ बाळगला. दुसरी व्यक्ती माशाच्या काट्याच्या मणक्यांची जपमाळ करून तिच्यावर प्रार्थना करीत असे. आमच्या किनाऱ्यावरच्या वाचकांना ही माळ डोळ्यांसमोर आणायला मुळीच कष्ट पडू नयेत. पण तिच्यावर प्रार्थना करायची तर लक्ष प्रार्थनेत असावे लागते, माळेत अडकून चालत नाही.

इतका सगळा विचार मी केला आहे आणि तो करण्यात मला आनंदही मिळाला. विचारालाही खण असतो. आता तीस कसे झाले, ते सांगतो.

आमच्या धर्मग्रामातला एक मुलगा, त्या वेळी सातवीत असावा, रविवारच्या मिस्सानंतर माझ्यापाशी आला. नाताळच्या कार्यक्रमात मी पावा वाजवला होता, तो त्याला फार आवडला होता. ‘अंकल, मला शिकवाल का?’ मी अर्थातच हो म्हटले. या वयात कोणी शिकवाल का म्हणून विचारणे, यासारखे सुख नाही. तो संध्याकाळी येणार होता. दुपारी मी खण उघडला आणि त्याच्यासाठी पावा निवडायला बसलो.

एकतीस पावे समोर होते. एकोणीस डीचे, म्हणजे शिकायला नेमके हवे तेच. पहिला उचलला, तो बहिणीचा पहिला, तो कसा देणार? दुसरा क्लार्कचा, घोगरा, माझा आवडता. तिसरा अलीकडेच मिळालेला. चौथ्याचा खर्ज सुरेख. असे करीत करीत मी जवळजवळ अर्धा तास घालवला आणि प्रत्येक पाव्यात, जो मी वर्षावर्षात हातात घेतला नव्हता अशा पाव्यातही, त्याला न देण्याजोगा एखादा गुण मला सापडला. शेवटी जो उरला तो सगळ्यांत वाईट होता. त्याचे वरच्या सप्तकातले सूर किंचाळत. मी तो आठवडाभर वाजवून कायमचा ठेवून दिला होता. तो मी मुलाला दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि विचारले, ‘हा चांगला आहे ना, अंकल?’ मी म्हटले, ‘शिकायला चांगला आहे.’

तो तीनदा आला. खालचे सप्तक त्याला चटकन जमले. वरच्या सप्तकाला पावा किंचाळे, तो दचकून थांबे, माझ्याकडे बघे आणि आपलीच फुंक चुकली असे समजून पुन्हा करी. मी त्याला सांगत होतो, हळू फुंक, हळू. चौथ्या रविवारी तो आला नाही. परीक्षा आहेत, असे कळले. परीक्षा संपल्या, तरी तो आला नाही. मुले कंटाळतात, शंभर गोष्टी सुरू करून सोडतात, हे मला समजते. पाव्यामुळेच त्याने सोडले, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. पाव्यामुळे सोडले नाही, असेही सांगू शकणार नाही.

काही महिन्यांनी त्याची आई घरी आली. पावा धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून तिने टेबलावर ठेवला. म्हणाली, ‘तुमची वस्तू होती, उगीच आमच्याकडे पडून हरवायला नको.’ मी म्हणालो, असू दे त्याच्यापाशी. ती म्हणाली, ‘नको हो, त्याला नाही जमलं ते.’ तिने हे अगदी सहज, कोणताही आरोप मनात न ठेवता म्हटले. चहा घेऊन ती गेली. तो पावा मी पुन्हा खणात टाकला आणि संख्या एकतीस झाली.

आता जे सांगायचे ते, सौभाग्यवतींनी पावे पुसले त्या रात्रीचे. या स्वस्त पाव्यांच्या चोचीत, हवेच्या फटीच्या पुढे, खालच्या अंगाला एक पोकळी राहून जाते. तिच्यात चित्रे भिंतीवर चिकटवायचा मऊ लगदा किंवा थोडे मेण दाबून सपाट केले, की पुष्कळदा किंचाळणे जाते. वादकांमध्ये ही युक्ती सर्वांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होती. माझ्या आवडत्या चार-पाच पाव्यांना मी स्वतः ती केली आहे. त्या रात्री मी वर्तमानपत्रातून आलेला तो पावा काढला, नाताळच्या गोठ्यासाठी आणलेल्या मेणबत्तीचे मेण काडीने त्या पोकळीत भरले आणि काडीच्या चपट्या टोकाने सपाट केले. पाच मिनिटे लागली असतील. मग फुंकला. वरचे सप्तक स्वच्छ आले, शेवटच्या सुरापर्यंत.

तो पावा मी खणात ठेवलेला नाही. टेबलावर, दिव्याच्या बाजूला आहे. मुलगा आता नववीत आहे, रविवारी दिसला की ‘गुड मॉर्निंग, अंकल’ म्हणतो. त्यांचे घर चर्चच्या मागच्या आळीत, चालत सात मिनिटांवर. तिथे जाऊन काय सांगायचे, याची वाक्ये मी दोन-तीनदा मनात जुळवली आहेत. ‘हा आता दुरुस्त केला आहे’ इथपर्यंत येतो आणि त्याने ‘तेव्हा का नाही केलात?’ असे विचारले तर, इथे थांबतो. काल बहिणीचा फोन आला होता. उन्हाळ्यात येते आहे. म्हणाली, ‘दादा, काही आणू का?’